टेबलाचा चौथा पाय

मार्सेयला, ल पानियेच्या चढावर, मासळीवाल्याच्या वरच्या खोलीत
ओनोरीन एस्कालों पत्ते बघते.
बघते म्हणजे खरंच बघते, सांगत काहीच नाही.
मी गेले ती कादंबरी पिशवीत घालून.
दोनशे बारा पानं, आणि प्रश्न एकच:
पुरी होईल का?

तिनं पत्ते पिसले. बोटं संधिवातानं वाकडी,
पण एक पान निसटेल तर शपथ.
म्हणाली, होईल की नाही ते मला काय ठाऊक.
एशाता, तुझ्या गोष्टीत जेवतं कोण?

मी गप्प.
दोनशे बारा पानांत कुणी साधा घास घेतला नव्हता.

पहिलं पान पडलं बाजीगराचं.
टेबलाचे पाय मोज, म्हणाली.
तीन.
आणि चौथा?
चित्राच्या बाहेर.
मग? पडलं का टेबल, इतक्या वर्षांत?
तू चारही पाय काढतेस,
पायाला खिळा, खिळ्याला कारण,
कारणाला त्याचा आजोबा.
वाचणाऱ्याला एक कोपरा तरी धरू दे की, बाई.

मग मनोरा. वीज, ठिणग्या, खाली येणारी दोन माणसं.
ओरडतंय का कुणी? बघ नीट.
हा तर गवताला हात लावतोय, भाजी खुडल्यासारखा.
माझा तेओदोर गेला ना,
तेव्हा मी आधी दुधाखालचा गॅस बंद केला
आणि मग किंचाळले.
हा क्रम लिही. किंचाळी सगळ्यांनाच येते.

तिचं सगळंच पटलं असं नाही.
चंद्राच्या पानावर माणूस नाही, दोन कुत्री आणि एक खेकडा,
म्हणून तू एक प्रकरण माणसांशिवाय लिहून बघ, म्हणाली.
लिहिलं.
खेकड्यालाही कंटाळा आला.

तेरावं पान. हाडांचा सापळा, हातात विळा,
जमिनीतून उगवलेली डोकी, पंजे, पाऊल.
याच्याखाली नाव छापलेलं नाही.
ज्यानं छापलं त्याला कळत होतं.
आणि तू? तुझा बाप किती वेळा मेला आतापर्यंत?
तीनदा, मी म्हटलं.
एकदा बंदरावर कंटेनरखाली,
एकदा मोरोनीत तापानं,
एकदा समुद्रात, ते मला सगळ्यात आवडलं होतं.
आणि खरा?

खरा दंकर्कला आहे. तिथं त्याचं दुसरं घर.
ईदला फोन करतो. पाच मिनिटं.

ओनोरीननं हातातला गठ्ठा खाली ठेवला.
खालून बर्फ फोडल्याचा आवाज येत होता.
मारून टाकणं सोपं असतं गं, ती म्हणाली,
त्या पाच मिनिटांत काय बोलता?

उठताना एक पान उलटं सापडलं, पान कसलं, पुठ्ठा:
सार्डिन, किलो सहा युरो.
पेल्यांची छक्की हरवली तिला झाली बावीस वर्षं,
तेव्हापासून हेच चालवते.
हे आलं की काय समजायचं?
काही नाही. कुणीतरी बाजाराला गेलंय.
अठ्ठ्याहत्तरांत एका पानाला तरी
मासळीचा वास हवा.

वीस युरो मोजून घेतले तिनं.
फुकटचं कुणी ऐकत नाही, हा शेवटचा सल्ला.

मराठीत पत्ता म्हणजे खेळातलं पान,
आणि पत्ता म्हणजे माणूस राहतो ती जागाही, असं ऐकलंय.
आमच्या भाषेत तसं नाही,
तरी त्या रात्री मला वडिलांचा सापडला.

दोनशे बारा पानं पलंगाखाली सरकवली.
नवीन पानावर आई इस्पितळातल्या फरश्या पुसून आलीय,
चपला न काढता पातेल्यातला भात उभ्यानंच खातेय.
फोन वाजतो.
तोंडात घास आहे, म्हणून ती मला खुणेनं सांगते,
तू घे.

चौथं मिनिट चालू आहे.
ते अजून त्यांच्याकडच्या थंडीबद्दलच बोलताहेत.